बोरेटचा सिंगल क्रिस्टल वाढवून त्याचे पिझो गुणधर्म मोजायचे कसे: पावडरपासून रेझोनन्सपर्यंत

पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबला की विद्युतभार देणारा पदार्थ, म्हटलं की लोकांना क्वार्ट्झ आठवतो, फार तर पीझेडटी हे सिरॅमिक. बोरेट कोणाच्या तोंडी येत नाही, आणि आलंच तर लेझरच्या फ्रिक्वेन्सी डबलिंगसाठी. पण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाबाने विद्युतभार तयार होतो हे दाखवलं तेव्हा त्यांच्या नमुन्यांत टूरमलिन होतं, आणि टूरमलिनमध्ये बोरॉन असतोच. म्हणजे बोरॉन आणि पिझो यांची ओळख पहिल्या दिवसापासूनची आहे.

हा लेख मी मुख्यतः लिथियम टेट्राबोरेट धरून लिहितोय, शेवटी वायकॉब म्हणजे यिट्रियम कॅल्शियम ऑक्सिबोरेटकडे वळतो. लिथियम टेट्राबोरेटच का, तर तो ९१७° से. ला वितळतो, म्हणजे साधी रेझिस्टन्स भट्टी चालते, आणि तो वितळून परत गोठला तरी रचना तीच राहते (सगळ्या बोरेटना हे जमत नाही, काहींना फ्लक्स, म्हणजे विरघळवणारं दुसरं रसायन, लागतो आणि मग सगळंच महिन्यांवर जातं). १९८१ मध्ये व्हॉटमोर आणि सहकाऱ्यांनी तो सॉ उपकरणांसाठी, म्हणजे पृष्ठभागावरून जाणाऱ्या ध्वनिलहरींच्या फिल्टरसाठी, सुचवला. त्यामागचं कारण असं की क्वार्ट्झमध्ये तापमानाने फ्रिक्वेन्सी फारशी हलत नाही पण कपलिंग (विद्युत आणि यांत्रिक ऊर्जेतली देवाणघेवाण) कमी, लिथियम नायोबेटमध्ये कपलिंग भरपूर पण तापमानाने फ्रिक्वेन्सी पळते, आणि हा मधला, कपलिंग साधारण १ टक्का आणि योग्य कट (क्रिस्टल कापायची दिशा) घेतला की तापमानाचा पहिला परिणाम जवळपास शून्य.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोजताना आकडा विचित्र आला की आपण मीटरवर संशय घेतो, पण बोरेटमध्ये दोष बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतो: पावडरमध्ये राहिलेलं पाणी, नाहीतर मोजताना लक्षात न घेतलेली फेमटोफॅरडच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कॅपॅसिटन्सच्या, पातळीवरची गडबड. मधल्या सगळ्या पायऱ्या मेहनतीच्या आहेत पण त्या चुकल्या तर डोळ्यांना दिसतात, ही दोन दिसत नाहीत.

आधी कागदावर: कुठला बोरेट पिझो असतो

बोरॉन ऑक्सिजनबरोबर दोन प्रकारे बसतो, तीन ऑक्सिजनचा सपाट त्रिकोण किंवा चार ऑक्सिजनचा टेट्राहेड्रॉन. हे तुकडे रचनेत असे मांडले गेले की सममितीचं केंद्र उरत नाही, तरच पिझो परिणाम मिळतो. एकाच रसायनाची दोन रूपं वेगळी वागू शकतात. बेरियम बोरेटचं बीटा रूप केंद्र नसलेलं म्हणून कामाचं, आणि ९२५° से. च्या वर स्थिर असलेलं अल्फा रूप केंद्र असलेलं, त्यात पिझो शून्य. म्हणून आधी पॉइंट ग्रुप, म्हणजे क्रिस्टलच्या सममितीचा वर्ग, बघा, मग भट्टी पेटवा.

लिथियम टेट्राबोरेटचा पॉइंट ग्रुप ४एमएम, टेट्रागोनल. याचा मोठा फायदा म्हणजे मोजायचे स्वतंत्र आकडे कमी: लवचिकतेचे ६, पिझोचे ३ (डी३३, डी३१, डी१५; डी म्हणजे दर न्यूटन बलाला किती भार, आकडे दिशांचे) आणि डायइलेक्ट्रिकचे २, एकूण ११. आणि हा फेरोइलेक्ट्रिक नाही, म्हणजे याची ध्रुवता विद्युतक्षेत्राने उलटवता येत नाही, त्यामुळे पोलिंग (क्षेत्र लावून ध्रुवता एका दिशेला वळवणं) करावं लागत नाही, वाढतानाच ध्रुवता ठरलेली असते.

पावडर: इथे घाई केली तर पुढे सगळं भोगावं लागतं

लागतं काय, तर लिथियम कार्बोनेट आणि बोरिक ॲसिड, दोन्ही किमान चार नाइन, म्हणजे ९९.९९ टक्के, शुद्धतेचे. एक मोल कार्बोनेटला चार मोल बोरिक ॲसिड. १०० ग्रॅम टेट्राबोरेट हवं असेल तर ४३.६९ ग्रॅम कार्बोनेट आणि १४६.२४ ग्रॅम बोरिक ॲसिड, एकूण जवळपास १९० ग्रॅम. म्हणजे ९० ग्रॅम उडून जाणार आहे, त्यात सुमारे २६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ६४ ग्रॅम पाणी. हा हिशोब वहीत लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक तापवणीनंतर वजन करून तुम्हाला याच्याशीच ताळा घालायचाय.

लिथियम कार्बोनेट वजन करण्याआधी २००° से. च्या आसपास काही तास वाळवा. बोरिक ॲसिड मात्र ओव्हनमध्ये तापवून वाळवायला जाऊ नका, ते पाणी सोडत मेटाबोरिक ॲसिड व्हायला लागतं आणि मग तुमचं वजन कशाचं हेच कळत नाही.

आता तापवणं. बोरिक ॲसिड पहिल्यांदा १३० ते १७०° से. च्या दरम्यान पाणी सोडतं, मग ३००° से. च्या पुढे उरलेलं सोडत बोरॉन ऑक्साइड होतं, आणि ते ४५०° से. च्या आसपास मऊ चिकट व्हायला लागतं. या सगळ्या काळात मिश्रण फेसाळून वर येतं. म्हणून भांडं तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नका आणि ताशी ३०-४० अंशांपेक्षा जास्त वेगाने चढू नका. वेग कमी ठेवायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: बोरिक ॲसिड वाफेबरोबर उडतं. जोरात पाणी निघालं की बोरॉनही निघतो आणि प्रमाण बिघडतं. थोडं बोरिक ॲसिड जास्त घालायची पद्धत आहे, साधारण एखादा टक्का, पण तो आकडा दुसऱ्याच्या पेपरमधून उचलण्यापेक्षा स्वतःच्या भट्टीत एकदा तापवून वजनावरून काढा, भट्टी बदलली की तो बदलतो.

मग ६५०-७००° से. ला १०-१२ तास ठेवायचं, थंड करून खलबत्त्यात (अगेटचा, लोखंडाचा नाही) कुटायचं, परत तापवायचं. एक्स-रे पावडर पॅटर्नमध्ये फक्त टेट्राबोरेटच्या रेषा दिसल्या, रचनेच्या एकक पेटीची बाजू ए साधारण ९.४८ आणि सी साधारण १०.२९ अँगस्ट्रॉम आली, की रसायन झालं. पण पाणी गेलं असं समजू नका. पॅटर्न स्वच्छ असला तरी हायड्रॉक्सिल राहू शकतं, ते इन्फ्रारेडमध्ये ३५०० प्रति सेंटीमीटरच्या आसपास दिसतं. याच पाण्याचे पुढे मेल्टमध्ये (वितळलेल्या द्रवात) बुडबुडे होतात आणि तो मेल्ट इतका घट्ट असतो की ते वर येत नाहीत. मी पहिल्या वेळी पॅटर्न बघून खूश झालो आणि थेट वाढवायला घेतलं, आठवड्याने जो क्रिस्टल बाहेर आला त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत पांढरा धूसर पट्टा होता.

एक काळजीची सूचना. बोरिक ॲसिड घरगुती वाटतं पण प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक म्हणून त्याचं वर्गीकरण झालेलं आहे, तेव्हा पावडर हाताळताना मास्क आणि ग्लोव्ह्ज, आणि तापवणी फ्यूम हूडखाली.

क्रुसिबल आणि भट्टी

एक्स-रे फ्लुओरेसन्सचे नमुने बनवणारे लोक याच लिथियम बोरेटमध्ये खडक, सिमेंट, ॲल्युमिना सगळं विरघळवून काचेची चकती बनवतात. म्हणजे तुमचा मेल्ट जे हाताला लागेल ते विरघळवणारा आहे. ॲल्युमिनाची मूस वापरून पैसे वाचवायचा विचार सोडून द्या, प्लॅटिनमच लागतं. आणि प्लॅटिनम गरम असताना त्याला साध्या चिमट्याने धरू नका, चिमट्याच्या टोकाला प्लॅटिनम हवं, नाहीतर लोखंड त्यात शिरतं. शिसं, फॉस्फरस असलेलं काहीही त्या भट्टीत आधी गेलं असेल तर आधी भट्टी साफ करा.

भट्टीला कँथलचे एलिमेंट पुरतात, एस किंवा आर टाइप थर्मोकपल, आणि कंट्रोलर असा की तापमान अर्ध्या अंशात स्थिर राहील. खोलीतला एसी चालू-बंद झाला की क्रिस्टलच्या अंगावर वळ्या उठतात, म्हणून भट्टीचं तोंड झाकलेलं ठेवा आणि पाण्याने थंड होणारा भाग असेल तर पाण्याचं तापमानही स्थिर ठेवा.

वाढवणं: चोक्राल्स्की पद्धत (वितळलेल्या द्रवातून क्रिस्टल वर ओढत वाढवणं)

मूस भरून १०००° से. च्या आसपास न्या आणि किमान १०-१२ तास तिथेच ठेवा. मेल्ट घट्ट असल्यामुळे तो एकजीव व्हायला आणि बुडबुडे सुटायला वेळ लागतो. मग हळूहळू ९१७ च्या किंचित वर या.

सीड, म्हणजे सुरुवातीचा छोटा क्रिस्टल, नसेल तर पहिल्यांदा प्लॅटिनमच्या तारेवर वाढवा, बरेच दाणे एकत्र येतील, त्यातला सगळ्यात मोठा स्वच्छ दाणा कापून एक्स-रेने दिशा काढून तो पुढचा सीड. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सिंगल मिळतो. दिशा कुठली, तर सुरुवातीला सी अक्षाची किंवा ए अक्षाची, कुठली घेतली ते मात्र सीड होल्डरवर खूण करून ठेवा.

सीड मेल्टच्या वर काही मिलिमीटरवर अर्धा तास थांबवा, त्याला गरम होऊ द्या, मग टेकवा. टेकवल्यावर काय होतं ते टक लावून बघा. तोंडाशी मेल्ट वर ओढल्यासारखा बारीक होत सुटायला लागला तर तापमान जास्त आहे, अर्धा-एक अंश कमी करा आणि थांबा. इथे धीर लागतो, कारण हा मेल्ट काच व्हायच्या स्वभावाचा आहे, गोठणबिंदूच्या खाली बराच जाऊनही गोठत नाही आणि मग एकदम सगळीकडून गोठतो. एक अंश कमी करून दहा मिनिटांत काही झालं नाही म्हणून अजून एक, अजून एक असं करत गेलात तर सीडभोवती अचानक पांढरा पापुद्रा पसरतो आणि सगळं परत वितळवावं लागतं.

टेकून स्थिर झाल्यावर आधी बारीक मान काढा, दोन-तीन मिलिमीटर जाडीची, त्यात सीडमधले दोष बाहेर संपतात. मग खांदा हळू रुंद करा. ओढण्याचा वेग ताशी ०.२ ते ०.५ मिलिमीटर, फिरवणं मिनिटाला ३ ते १० फेऱ्या. ताशी ०.३ धरला तर दिवसाला ७.२ मिलिमीटर, म्हणजे ५० मिलिमीटरचा क्रिस्टल व्हायला जवळपास ७ दिवस. सिलिकॉनवाल्यांना हा वेग ऐकवत नाही, पण इथे वेग वाढवला की घट्ट मेल्टमध्ये अशुद्धी आणि जास्तीचा घटक गोठणाऱ्या पृष्ठभागापुढे साचतो, पांगायला त्याला वेळ मिळत नाही, आणि तोच आत अडकून मधला पांढरा गाभा बनतो. गाभा दिसला की आधी वेग अर्धा करा, मग मेल्टच्या वरचा तापमानातला उतार थोडा तीव्र करून बघा, आणि तरीही गेला नाही तर परत पावडरच्या पाण्याकडे जा.

वीज जाणं हा या सात दिवसांतला सगळ्यात मोठा धोका, म्हणून भट्टी, कंट्रोलर आणि मोटर तिन्ही बॅकअपवर असू द्या, फक्त कंट्रोलर बॅकअपवर ठेवून उपयोग नाही.

ब्रिजमन पद्धतही चालते, म्हणजे पातळ प्लॅटिनमच्या बंद नळीतच मेल्ट एका टोकाकडून हळूहळू गोठवणं, त्यात बाष्पीभवन होत नाही हा फायदा, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. शिकायचं असेल तर माझं मत चोक्राल्स्कीकडेच, डोळ्यांनी बघून जे कळतं ते वाचून कळत नाही.

थंड करणं

क्रिस्टल मेल्टपासून सोडवला की लगेच बाहेर काढायचा मोह आवरा. ए अक्षाच्या दिशेने हा क्रिस्टल सी अक्षापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे असमान थंड झाला की तडकतो, आणि तडकतो तो बहुधा शेवटच्या दोनशे अंशांत, जेव्हा आपल्याला वाटतं की झालं आता. ताशी १० ते २० अंश, खोलीच्या तापमानापर्यंत. मुशीत उरलेला मेल्ट गोठून प्लॅटिनमला चिकटतो, तो ठोकून काढू नका, कोमट पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये एक-दोन दिवस सोडून द्या.

कापणं: पाण्यापासून लांब

लिथियम टेट्राबोरेट पाण्यात हळू विरघळतो, ॲसिडमध्ये अजून लवकर. म्हणून डायमंड वायर सॉ चालवताना पाण्याऐवजी तेल किंवा केरोसीन, पॉलिशिंगची पेस्ट तेलातली, आणि घनता आर्किमिडीजने काढायची तर तीही पाण्यात न काढता केरोसीनमध्ये. घनता २.४५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरच्या आसपास यायला हवी, बरीच कमी आली तर आत बुडबुडे आहेत.

दिशा एक्स-रेने अर्ध्या अंशाच्या आत बसवा. तीन नमुने पुरतात सुरुवातीला: झेड कट (झेड म्हणजे सी अक्ष, एक्स म्हणजे ए अक्ष; कट त्या अक्षाला लंब) चकती १० × १० × १ मिलिमीटर, झेडच्या दिशेने लांब काठी, आणि एक्स कट चकती डी१५ साठी. समोरासमोरचे पृष्ठभाग समांतर असू द्या, नाहीतर रेझोनन्सचं शिखर फाटून दोन-तीन होतं. इलेक्ट्रोडला आधी क्रोमचा पातळ थर आणि वर सोनं, स्पटर करून. घाईत सिल्व्हर पेस्ट चालते, पण पातळ नमुन्यावर पेस्टचं वजन फ्रिक्वेन्सी खाली ओढतं.

मोजणं

सगळ्यात सोपं म्हणजे डी३३ मीटर, नमुना दोन जबड्यांत धरला की ११० हर्ट्झच्या आसपासचा छोटा बल लावून भार मोजतो. लिथियम टेट्राबोरेटला २० ते २४ पिकोकुलोंब प्रति न्यूटनच्या आसपास यायला हवं, क्वार्ट्झच्या २.३ च्या तुलनेत हे बरंच आहे. डी१५ साधारण ८. आता यातली गोम अशी की हा क्रिस्टल पायरोइलेक्ट्रिकही आहे, तापमान बदललं तरी भार देतो, त्यामुळे बोटांनी धरून मीटरमध्ये ठेवलात तर आकडा पाच-दहा मिनिटं सरकत राहतो. प्लॅस्टिकच्या चिमट्याने ठेवा आणि आकडा थांबेपर्यंत थांबा. चिन्ह ठरवताना लक्षात ठेवा, प्रमाणित पद्धतीत ताण दिला की अधिक भार येतो ते टोक अधिक झेड, म्हणजे दाबल्यावर त्याच टोकावर उणे भार येईल.

पण पेपरमध्ये टाकायचा आकडा रेझोनन्समधून काढावा. झेडच्या दिशेने लांब काठी, टोकांना इलेक्ट्रोड, इम्पिडन्स ॲनालायझरवर रेझोनन्स एफआर (इम्पिडन्स सगळ्यात कमी असते ती फ्रिक्वेन्सी) आणि अँटिरेझोनन्स एफए (सगळ्यात जास्त असते ती) शोधायचा. खाली के३३ म्हणजे कपलिंग, एस३३ म्हणजे लवचिकतेचा आकडा, एप्सिलॉन३३ म्हणजे परमिटिव्हिटी (डायइलेक्ट्रिक स्थिरांक). मग

के३३ चा वर्ग = (पाय/२) × (एफआर/एफए) × टॅन[(पाय/२) × (एफए − एफआर)/एफए]

एस३३डी = १ / (४ × घनता × लांबीचा वर्ग × एफएचा वर्ग), एस३३ई = एस३३डी / (१ − के३३ चा वर्ग), आणि डी३३ = के३३ × वर्गमूळ(एप्सिलॉन३३ × एस३३ई).

समजा काठी १० मिलिमीटर लांब, एफआर २०२ किलोहर्ट्झ, एफए २२० किलोहर्ट्झ. के३३ चा वर्ग ०.१८६ येतो, के३३ ०.४३. एस३३डी २.११ × १०^−११, एस३३ई २.५९ × १०^−११ चौरस मीटर प्रति न्यूटन. सापेक्ष परमिटिव्हिटी १० धरली तर डी३३ २०.७ पिकोकुलोंब प्रति न्यूटन. टॅनच्या आतला कोन रेडियनमध्ये आहे, कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवून कितीतरी जण इथे अडकतात.

आता ती फेमटोफॅरडची गोष्ट. ही काठी २ × २ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचं कॅपॅसिटन्स किती? परमिटिव्हिटी १०, क्षेत्रफळ ४ चौरस मिलिमीटर, लांबी १० मिलिमीटर: ०.०३५ पिकोफॅरड, म्हणजे ३५ फेमटोफॅरड. आणि साध्या क्लिपचं, वायरचं भटकं कॅपॅसिटन्स सहज एखादा पिकोफॅरड असतं. ते नमुन्याला समांतर बसतं आणि अँटिरेझोनन्स खाली रेझोनन्सजवळ ओढतं, एफए आणि एफआर यांच्यातलं अंतर आक्रसतं, के३३ खोटा लहान येतो. भटकं कॅपॅसिटन्स नमुन्याइतकंच असेल तरी अंतर अर्ध्यावर येतं. पीझेडटीची परमिटिव्हिटी हजाराच्या घरात असल्यामुळे त्या लोकांना हा प्रश्न कधी जाणवत नाही, आणि आपण त्यांचीच पद्धत, त्यांचाच फिक्स्चर जसाच्या तसा वापरतो. उपाय तीन: गार्ड असलेला तीन टर्मिनलचा फिक्स्चर, दर वेळी नमुना काढून ओपन करेक्शन, आणि काठी जाड घ्या, ४ × ४ × १६ वगैरे, लांबी जाडीच्या किमान चौपट ठेवून. शिवाय झेड कट चकतीवर जाडीचा मोड मोजून पडताळा, १० × १० × १ च्या चकतीचं कॅपॅसिटन्स जवळपास ९ पिकोफॅरड, तिथे ही अडचण बरीच सौम्य होते. दोन्ही मार्गांनी काढलेले स्थिरांक एकमेकांशी जुळले तरच आकड्यावर विश्वास ठेवा.

परमिटिव्हिटी मोजताना अजून एक: लिथियम आयन सी अक्षाच्या दिशेने सरकतात, त्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीला, आणि नमुना तापला की जास्तच, परमिटिव्हिटी आणि लॉस दोन्ही फुगलेले दिसतात. रेझोनन्सच्या बऱ्याच खाली पण काही दहा किलोहर्ट्झवर मोजा आणि लॉस सोबत लिहा.

जास्त तापमान हवं असेल तर: वायकॉब

याच आयनांच्या सरकण्यामुळे लिथियम टेट्राबोरेट गरम सेन्सरसाठी उपयोगाचा नाही. क्वार्ट्झ ५७३° से. ला रूप बदलतो. तिथून पुढे वायकॉबचं कुटुंब कामाला येतं, ज्याची रचना नोरेस्टाम आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. वायकॉब साधारण १५१०° से. ला वितळतो आणि तिथपर्यंत रूप बदलत नाही, ८००° से. ला त्याचा रोध १०^८ ओम सेंटीमीटरच्या पातळीवर राहतो, म्हणून इंजिनजवळच्या कंपनमापकांसाठी लोक त्याच्या मागे आहेत.

वाढवायला इरिडियमची मूस, इंडक्शन हीटिंग आणि मुख्यतः नायट्रोजनचं वातावरण, कारण तेवढ्या तापमानाला हवेत इरिडियम उडतं. यिट्रियम ऑक्साइड १, कॅल्शियम कार्बोनेट ८, बोरिक ॲसिड ६ या मोल प्रमाणात घेतलं की दोन मोल वायकॉब मिळतो, इथेही बोरॉन उडण्याची भरपाई वेगळी. मेल्ट टेट्राबोरेटपेक्षा पातळ, म्हणून ताशी १ मिलिमीटरच्या आसपासचा वेग चालतो.

कठीण भाग मोजण्यात आहे. पॉइंट ग्रुप एम, मोनोक्लिनिक, स्वतंत्र आकडे २७: लवचिकतेचे १३, पिझोचे १०, डायइलेक्ट्रिकचे ४. ते सगळे काढायचे तर वेगवेगळ्या कटचे डझनभर नमुने लागतात. सुरुवात डी२६ पासून करा, हा शिअरचा गुणांक, ७ पिकोकुलोंब प्रति न्यूटनच्या आसपास, कपलिंग २० टक्क्यांच्या आसपास, आणि तापमानाबरोबर फारच थोडा हलतो, त्यातच या क्रिस्टलची खरी किंमत आहे. वाय अक्षाला लंब कापलेली चकती, बी अक्ष म्हणजेच वाय, पण एक्स आणि झेड यांची व्याख्या नीट लिहून ठेवा, मोनोक्लिनिकमध्ये ए आणि सी एकमेकांना काटकोनात नसतात आणि दोन लॅबचे आकडे न जुळण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

गरम करून मोजताना इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा, तारही प्लॅटिनमची, आणि आधी रिकामा फिक्स्चर त्याच तापमानापर्यंत नेऊन त्याचा रोध मोजून ठेवा, कारण ८००° से. ला फिक्स्चरमधली ॲल्युमिना स्वतःच थोडी वहन करते आणि तो रोध तुमच्या क्रिस्टलच्या नावावर लिहिला जातो. दर ५० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं थांबून वाचन घ्या, चढताना आणि उतरतानाही. उतरून खोलीच्या तापमानाला आल्यावर एफआर पहिल्या वाचनाशी जुळला नाही तर इलेक्ट्रोड सूक्ष्मदर्शकाखाली बघा, बहुतेक वेळा प्लॅटिनमचा थर गोळे होऊन सुटलेला असतो. तो घासून काढून नवा जाड थर द्या आणि फेरी पुन्हा घ्या.